कॅमला कुंकू

चुलत भावाचा पुढचा दात मी पाडला तो विहिरीवरच्या स्टार्टरच्या झाकणानं, आणि त्यानं माझं खांद्याचं हाड मोडलं ते त्याच विहिरीच्या पाइपाच्या तुकड्यानं. दोन्ही कामं एकाच सकाळी, चहाच्या आधी उरकली. दात उडून विहिरीत पडला आणि त्याचा डुबुक असा आवाज पौडपर्यंत ऐकू गेला, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू द्या. ज्यांच्या घरात सामाईक विहीर नाही त्यांना असले आवाज ऐकू येत नाहीत.

विहीर आमच्या आज्यानं खोदली. नेमकी बांधावर, अर्धी त्याच्या हद्दीत आणि अर्धी माझ्या. माझं खालचं भाताचं खाचर आणि भाजीचे वाफे तिच्यावर जगतात. वाटणीत त्याच्याकडे डोंगर गेला होता. त्या डोंगरावर पूर्वी शेळी सोडली तर ती संध्याकाळी येऊन मालकाला शिव्या द्यायची, असा तो डोंगर. पण हिंजवडीकडच्या इमारती चांदे-नांदे ओलांडून आमच्या दिशेनं चालत यायला लागल्या आणि त्या खडकावर प्लॉटिंग झालं. त्यानं डांबरी रस्ता वळणावळणानं माथ्यापर्यंत नेला, वर गिऱ्हाइकांना दाखवायला एक लाकडी बंगला बांधला, आणि पायथ्याला कमान उभी करायची म्हटल्यावर बरोबर मध्ये आली विहीर.

"बुजवायची," तो म्हणाला.

"तुला बुजवीन," मी म्हणालो.

तिथून झाकण आणि पाइप सुरू झाले. दात गेल्यावर तो माझ्या नरड्याला आला. एका हातानंच मी त्याला फिरवला, काठावर पालथा पाडला आणि मानेवर गुडघा ठेवून त्याचं डोकं आत दाबलं. खाली काळं पाणी होतं. त्यात आमची दोघांची तोंडं एकावर एक दिसत होती आणि त्याच्या तोंडातलं रक्त माझ्या तोंडावर ठिबकत होतं. मला त्याला सोडायचं नव्हतं. इथं मी काही वाढवून सांगत नाही.

तेवढ्यात माझ्या पाठीवर वीज पडली. दुसरी त्याच्या पाठीवर. मागं चुलती उभी होती. त्याची आई. ऐंशी ओलांडलेली, वजनानं सुक्या मिरचीएवढी, आणि हातात तिच्या बापाचा आसूड. तिचं माहेर बैलगाड्यांच्या शर्यतीवाल्यांचं. लग्नात भांडी आणली नसतील पण आसूड आणला.

"मरायचं आसंल तर लांब जाऊन मरा," ती म्हणाली. "ह्या पाण्याचा माझा चहा हुतो."

"आये, अर्धी विहीर माजी हाय," चुलत भाऊ रक्त थुंकत म्हणाला.

"मग अर्धी बुजव. बघू कशी बुजवतुयास." ती काठावर बसली. "माज्या म्हायेरी वाद मिटंना की बैलं पळवायची. ज्याची जोडी शर्यतीच्या घाटात म्होरं, त्याचं खरं. तुमच्याकडं बैलं न्हाईत, गाड्या हायेत. दसऱ्याला सोनं देऊन झालं की ह्याच्या डांबरी रस्त्यानं वर पळवा. जो आदी माथ्यावर जाईल त्यो विहिरीचं ठरवंल. दुसऱ्यानं तोंड उघडायचं न्हाई."

"आणि तवर पाणी?" मी विचारलं.

"पाऊस हाय तवर तुला कशाला पाणी? माज्या चहापुरती कळशी मी पोहऱ्यानं शेंदीन." तिनं पडलेलं झाकण परत बसवून स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली.

चुलत भाऊ हसला. पुढचा दात नसलेला माणूस हसला की कुणी दार उघडं टाकून गेल्यासारखं वाटतं. त्याला हसायला कारण होतं. त्याची गाडी काळी, गावच्या देवळापेक्षा थोडी बुटकी, आणि तिचा हॉर्न वाजला की म्हशी दूध चोरतात. माझी गाडी म्हणजे जुनी छोटी कार्बोरेटरवाली, मूळचा लाल रंग, आता नक्की कुठला ते सांगता यायचं नाही. बायको रोज पहाटे तीत भाजी भरून हिंजवडीच्या सोसायट्यांत विकायला नेते. चढाला माझी गाडी लागली की बाजूनं पायी चाललेली माणसं खिडकीत वाकून खुशाली विचारतात.

हाड जुळायला दोन महिने गेले. मग मी गाडी घेऊन पिरंगुटला मेहुण्याच्या गॅरेजात गेलो.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तालमीतला माणूस. गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटली आणि गॅरेज काढलं, पण इंजिनाशीही तो कुस्तीच खेळतो. एकदा चालू होईना म्हणून त्यानं एका टेम्पोच्या कानफटात मारली होती, आणि टेम्पो चालू झाला होता. माझी हकीकत ऐकून त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि मयताला बघून आल्यावर लोक जसे हात धुतात तसे हात धुतले.

"दाजी, नवं इंजिन बसवायला वेळ न्हाई. कॅम बदलू."

कॅम म्हणजे कॅमशाफ्ट. इंजिनाच्या डोक्यात आडवा निजलेला पोलादी दांडा, त्याला अंड्यासारखे उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्हच्या टाळक्यावर आदळतो, दार उघडतं, इंजिन श्वास ओढतं. उंचवटा पुढं सरकला की दार बंद. इंजिन चालू आहे तोवर ही मारामारी चालू. आता उंचवट्याचा आकार बदलून तो मोठा केला तर दार जास्त उघडतं, जास्त वेळ उघडं राहतं, आणि इंजिन जास्त हवा गिळतं. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मेहुण्यानं ते मला समजावलं, कसं ते सांगतो.

त्यानं फळीवरून तेलकट फडक्यात गुंडाळलेले तीन कॅम काढले आणि तलवारी मांडाव्यात तसे टेबलावर मांडले.

"ह्यो पहिला मवाळ. बदललाय हे ताईला कळणारबी न्हाई. ह्यो मधला."

"आणि तो?"

"त्याच्याकडं बघू नका. रेसचा हाय. खाली जीव न्हाई त्याच्यात. इंजिन किंचाळाया लागलं की मग पळतो. सिग्नलला गाडी उभी केली की बंद पडणार. चढाला क्लच जाळणार."

"तोच बसवा."

"दाजी, उभ्या गाडीनं सुटायचंय, त्येबी चढाला. तुमाला ताकद खाली पायजे का वर?"

"मला सगळीकडं पाहिजे."

"मग दोन इंजिनं बसवा."

"पाव्हणं, तुमाला भीती वाटती आसंल तर तसं सांगा. मी दुसरं गॅरेज बघतो."

पिरंगुटात हे वाक्य बोलून पायावर चालत घरी गेलेला माणूस अजून जन्मायचाय. त्यानं माझ्या कमरेला हात घातला. मी त्याच्या कानाला धरलं. जॅक आडवा झाला, टायरांची रास कोसळली, पत्र्याच्या भिंतीतून माझं कोपर बाहेर गेलं आणि पलीकडे वडे खाणाऱ्या एका माणसाच्या बशीत पडलं. मी चावलो, हे खरं आहे. त्यानं मग मला धोबीपछाड मारला. मी एका रिक्षाच्या वरून गेलो आणि जळक्या ऑइलच्या परातीत पाठीवर उतरलो. तो येऊन माझ्या छातीवर बसला आणि बसल्याबसल्या त्यानं मला कॅमचं सगळं शास्त्र सांगितलं. मला श्वास घेता येत नव्हता त्यामुळं मी मध्ये बोललो नाही, आणि म्हणूनच ते आजवर माझ्या ध्यानात राहिलं.

"मवाळ बसवला तर तुमी तुमच्या भावाचा धूर खात वर जाल," तो म्हणाला. "रेसचा बसवला तर पयल्या वळणावर गाडी मरंल. मधला खालनं धरतो आणि मधी जोर लावतो. थोडा थरथरंल उभ्या जागी, पण ताईला चालवता यील. माझी बहीण रोज पयल्या-दुसऱ्या गिअरवर हिंजवडीच्या ट्रॅफिकमधी रांगती. तिचा हात दुखला तर मी तुमचा मोडीन. कळलं का?"

मी मान हलवली.

"कंचा बसवू?"

"मधला," मी म्हणालो. इतक्या मोकळेपणानं मी आयुष्यात दुसरा निर्णय घेतलेला नाही.

काम सुरू झालं ते दसऱ्याच्या तोंडावर, अष्टमीला, कारण त्याआधी त्याला वेळ नव्हता. हे लक्षात ठेवा. नवमीला खंडेनवमी. गॅरेजातला एकेक पाना, हातोडी, जॅक पूजेला बसतो आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही. मेहुणा एरवी कुठल्याच देवाला घाबरत नाही, पण पूजेला बसलेला पाना उचलायची त्याची हिंमत नाही.

जुनं इंजिन सुखासुखी उघडत नाही. पुलीचा बोल्ट गंजून जागेवर मेला होता. मेहुण्यानं पाना लावला, पान्याला पाइप लावला, पाइपाला मी लोंबकळलो. बोल्ट सुटला तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला, पाइप उलटा आला आणि मेहुण्याच्या जबड्यावर बसला. त्यानं एक दाढ थुंकली. मग पाइपाला शिवी दिली, मला शिवी दिली, आणि जबडा धरून पुढचं काम केलं. पट्टा उतरवला, वरचं झाकण काढलं, जुना कॅम बाहेर ओढला. त्याचे उंचवटे झिजून गुळगुळीत झाले होते, म्हाताऱ्याच्या हिरड्यांसारखे. नव्या कॅमला घट्ट काळं वंगण चोळलं, बसवला, वरची आवळणं आतून बाहेर क्रमानं थोडीथोडी कसली, टॅपेटची, म्हणजे उंचवटा आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली, फट पत्ती घालून मोजली. एरवी गेंड्यासारखा माणूस, पण फट मोजताना त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

शेवटी राहिलं टायमिंग. खालचा क्रँक, म्हणजे चाकं फिरवणारा दांडा, आणि वरचा कॅम एका दातेरी पट्ट्यानं बांधलेले असतात. खुणेला खूण जुळवूनच पट्टा चढवायचा. एक दात जरी इकडचा तिकडं झाला तरी दारं भलत्या वेळी उघडतात. नव्या कॅमसाठी जुनी खूण चालणार नव्हती. मेहुण्यानं आपलं मोजमाप करून कॅमच्या पुलीवर नवी जागा काढली आणि गाडीत राहिलेल्या माझ्या बायकोच्या पर्समधलं लाल नेलपॉलिश घेऊन एका दातावर ठिपका दिला.

"उद्या हत्यार बंद," तो म्हणाला. "परवा सकाळी ठिपका जुळवायचा, पट्टा चढवायचा, आणि तुमच्या भावाला गाडायचं."

दुसऱ्या दिवशी पूजा बायकोनं केली. तिच्या हातची पूजा म्हणजे काही सुटायचं नाही. पोत्यावर पाने मांडलेले, त्यांच्यावर झेंडू. तिनं ताटलीत कुंकू तेलात कालवून घेतलं होतं, म्हणजे पाण्यासारखं ओघळायला नको. पान्यांना लावलं, जॅकला लावलं, हवेच्या पंपाला लावलं, मेहुण्याच्या सुजलेल्या जबड्याला लावलं. मग उघड्या इंजिनापुढं उभी राहिली. नवा कॅम झाकणाखाली गेलेला, दिसत होती ती त्याची पुली.

"हिला घेऊन लढाईला जायचंय तुमाला," ती मला म्हणाली. "आणि हिला न्हाई लावायचं?"

तिनं बोट बुडवलं आणि पुलीवर कुंकू लावलं. वर झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. आम्ही दोघांनी हात जोडले. मेहुण्यानं तर डोळेही मिटले होते.

दसऱ्याच्या सकाळी मेहुणा दाढेच्या ठणक्यानं कोल्ह्यासारखा ओरडत उठला. जबडा पपईएवढा झालेला, एक डोळा अर्धा बंद. त्यानं फुंकर मारून पाकळ्या उडवल्या, लाल ठिपका बघितला, खालच्या खुणेशी जुळवला, पट्टा चढवला, ताणला. इंजिन हातानं दोनदा फिरवून बघितलं. कुठं अडलं नाही. चावी मारली.

गाडीनं पहिल्यांदा खोकून कार्बोरेटरमधून एक निळी जीभ बाहेर काढली. मग जी सुरू झाली ती उभ्या जागी आदळायला लागली. हेडलाइट हलत होते. फळीवरचे डबे एकेक करून उड्या मारून खाली गेले. मी तेव्हाच हवेचा फिल्टर काढून फेकून दिला होता, आवाज चांगला यावा म्हणून.

"असं कसं करतंय हे?" मी विचारलं.

"नवा कॅम हाय," मेहुणा एका बाजूच्या तोंडानं म्हणाला. "थरथरंल म्हणलो हुतो की न्हाई? रुळंल."

चढत्या आवाजावर बराच वेळ इंजिन ठेवून त्यानं कॅम रुळवला. पिरंगुटची कुत्री त्या दिवशी लवळ्याला गेली आणि आठवड्यानं परत आली. मी गाडी घेऊन घरी निघालो तेव्हा पहिल्या गिअरमध्ये तिनं अशी ओढ मारली की माझं डोकं सीटवर आपटलं. मला रडू यायचं बाकी राहिलं. खालच्या गिअरला ती औताला जुंपलेल्या खोंडासारखी ओढत होती. फक्त वर गेल्यावर गुदमरायची आणि फाटफाट करायची. ते मी मनावर घेतलं नाही.

दुपारी गाव पायथ्याला जमलं. आधी सोनं द्यायचं. मी चुलत भावाच्या हातात आपट्याची पानं दिली, त्यानं माझ्या हातात दिली, आणि रीतीप्रमाणं गळाभेट झाली. त्यानं मला असं कवळलं की नुकतं जुळलेलं हाड पुन्हा कुरकुरलं. मी त्याच्या पायावर टाच रोवली. "सोन्यासारखा राहा," तो म्हणाला. "तूबी," मी म्हणालो. बायका म्हणाल्या, किती दिवसांनी भाऊ-भाऊ भेटले.

दोन्ही गाड्यांना झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. चुलतीनं आसूड वर केला आणि हवेत ओढला.

माझी गाडी लिंबाची शिकरण करून सुटली. देवाशपथ सांगतो, पहिल्या वळणापर्यंत तो माझ्या आरशात होता. त्या काळ्या रेड्याच्या आत शंभर घोडे असतील, पण चढाला उभ्यानं सुटताना माझ्याकडे एक खोंड होता. दुसऱ्या वळणाला त्यानं मागून धडक दिली. डिकी उघडली, आत राहिलेली सगळी वांगी रस्त्यावर. तो वांग्यांवरून घसरला, कठड्याला घासला, ठिणग्या उडाल्या. तिसऱ्या वळणाला बाजूला आला, आरशाला आरसा लागला आणि दोन्ही आरसे दरीत गेले. खिडकीतून तो मला काहीतरी म्हणत होता. दात नसल्यामुळं शिवी नीट पोचली नाही, थुंकी पोचली. मी स्टिअरिंग त्याच्याकडे मारलं. त्याची झेंडूची माळ तुटून माझ्या काचेवर बसली आणि एक वळण मी निव्वळ अंदाजानं घेतलं.

मी पुढं होतो. हे गावात कुणालाही विचारा, त्याच्या बायकोलासुद्धा.

मग चढ संपला. माथ्यावर सपाट सरळ रस्ता, शेवटाला लाकडी बंगला. तिथं इंजिनानं वरचा दम धरायला हवा होता. मी पाय तळापर्यंत दाबला आणि गाडी घुसमटली. फाट. फाट. तिसऱ्या फाटला कार्बोरेटरमधून जी जीभ निघाली ती आत गेलीच नाही. बॉनेटच्या फटीतून ज्वाळा आल्या, रंगाला फोड आले, काच तडकली. काळा रेडा माझा दरवाजा चेपत बाजूनं निघून गेला आणि बंगल्यापुढं आधी पोचला.

माझे ब्रेक लागले ते थेट बंगल्याच्या लाकडी पायरीशी. मी मुद्दाम तिथं नेऊन लावली, असं तो म्हणतो. गाडी थांबली तिथं थांबली, एवढंच मी म्हणतो.

मी दार लाथेनं उघडून बाहेर पडलो तोच त्याची मूठ माझ्या नाकावर आली. मी खाली, तो वर. "माजी झाली विहीर," तो मारता मारता म्हणत होता, "माजी झाली." माझ्या तोंडात रक्ताची आणि वंगणाची चव होती. मी त्याचे केस मुठीत धरून डोकं डांबरावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. त्याच्या भुवईची कातडी फाटली. तिसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात दोघांनाही एकदम वास आला. पेट्रोलचा नाही, लाकडाचा.

गाडीखालचं वाळलेलं गवत पेटलं होतं आणि आग पायऱ्या चढून बंगल्याच्या ओसरीवर निघाली होती.

तो धावला नळाकडे. नळ पिळला. नळानं सुस्कारा सोडला. डोंगरावर बोअर मारलेलं, पण बोअरला पाणी नव्हतंच. गिऱ्हाइकं यायची त्या दिवशी तो टाकीत टँकर ओतायचा. माथ्यावर पाणी येईल अशी एकच वाट होती. पूर्वी त्या उतारावर आंब्याची कलमं लावून बघितली होती तेव्हा आम्ही दोघांनी विहिरीवरून पाइप वर आणला होता. पाइप अजून तिथंच गवतात पडलेला. मोटर पायथ्याला, मोटरीला कुलूप, आणि किल्ली चुलतीच्या कमरेला.

त्यानं आईला फोन लावला. रक्ताळलेलं बोट भलतीकडे लागून स्पीकर चालू झाला.

"आये, मोटर चालू कर."

"कंची मोटर?"

"विहिरीवरची."

"आदी सांग, जिंकलं कोण?"

"मी."

"मग बुजवायची ना विहीर? आता मोटर कशापायी?"

"आये, बंगला पेटलाय."

"कुणाचा?"

"माजा. आये, लवकर कर."

"म्हणजे विहीर लागती तुला."

त्याच्या भुवईतलं रक्त डोळ्यात उतरत होतं आणि ओसरीचा एक खांब तडतडायला लागला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. तसं त्यानं माझ्याकडे लहानपणीसुद्धा कधी बघितलेलं नव्हतं.

"न्हाई बुजवत," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोल. त्या मुडद्याला ऐकू गेलं का?"

"गेलं काकी," मी म्हणालो.

"तू गप. तुजी गाडी कुटं हाय?"

"तीच पेटलीय आदी."

"आणि माज्या सुनेनं भाजी डोक्यावर न्यायची का हिंजवडीला?" ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

कुलूप उघडायला ती सावकाश गेली. मधे थांबून तिनं तंबाखू मळली, असं मला बायकोनं नंतर सांगितलं. मग पाइप एकदम अजगरासारखा हलला. आधी हवा आली, मग चिखल, मग एक बेडूक, आणि मग, विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, त्याचा दात. त्यानं तो उचलून खिशात टाकला. मागोमाग पाणी आलं. पाइपाचं तोंड दोघांनी एकदमच धरलं, आणि आधी गाडी विझवायची का आधी बंगला यावरून तिथंच पुन्हा जुंपली. मी कोपर मारलं, त्यानं गुडघा मारला, पाणी कधी इकडं कधी तिकडं. त्या ओढाताणीत दोन्ही विझलं. अर्धी ओसरी गेली, माझं बॉनेट गेलं, कार्बोरेटर वितळला. इंजिनाचं डोकं तेवढं शाबूत राहिलं.

दोन दिवसांनी मेहुण्यानं पट्ट्याचं झाकण उघडलं.  पुलीवर दोन लाल ठिपके होते, शेजारशेजारच्या दातांवर. एकावर त्यानं अंगठा घासला, काही निघालं नाही. दुसऱ्यावर घासला, अंगठा लाल झाला. पट्टा बसला होता तो दुसऱ्यावर. एक दात आधीच सगळी दारं उघडत होती, म्हणून खाली ती ओढ आणि वर ती घुसमट, आणि म्हणून त्या ज्वाळा.

त्याच्या जबड्यावर अजून त्याच कुंकवाचा डाग होता. त्यानं तो लाल अंगठा माझ्या कपाळाला टेकवला आणि असा दाबला की माझं डोकं मागच्या खांबावर जाऊन थडकलं.

"ताईला सांगायचं न्हाई," तो म्हणाला.

सांगितलं नाही. खऱ्या ठिपक्यावर पट्टा चढवला, दुसरा कार्बोरेटर घातला, फिल्टर परत लावला. आता गाडी अशी पळते की महाळुंग्याच्या सिग्नलला मोटारसायकलवाली पोरं बायकोच्या शेजारी उभं राहायला घाबरतात. तिच्या मते हा सगळा पूजेचा गुण. यंदाच्या खंडेनवमीला ती ताटली घेऊन आली तेव्हा पुलीवर झाकण घट्ट बसवलेलं होतं आणि त्यावर मेहुणा हाताची घडी घालून बसला होता.

कमान चुलत भावानं बाजूला सरकवली. विहीर तिथंच आहे. कुलूपही आहे, आणि किल्ली अजून चुलतीच्या कमरेला. मोटर चालू करायची तर दोघांनी बरोबर तिच्या दारात जायचं, एकट्याला ती किल्ली देत नाही. तिच्या ओट्यापर्यंत जाताना आम्ही एकमेकांना जे म्हणतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. परवा त्यानं वाटेत माझ्या पोटात गुद्दा घातला, मी त्याचा शर्ट फाडला. दारात गेल्यावर तिनं दोघांकडे बघितलं, आसूड खुंटीला आहे ना तेही बघितलं, आणि म्हणाली, "आदी माजी कळशी भरा."

आम्ही भरली.